लोबानाच्या देशात देवापुढे काय जळत होते?

दक्षिण अरबस्तानातून, म्हणजे आजच्या येमेनमधून, जगभरच्या संग्रहालयांत गेलेल्या वस्तूंमध्ये एक छोटी वस्तू हमखास दिसते: दगडी धुपाटणे. चुनखडीचा घडीव ठोकळा, खाली चार आखूड पाय, वर उथळ खळगा. यांतली बरीचशी तळहातावर मावतील एवढीच असतात. खळग्याच्या कडा कित्येकदा काळवंडलेल्या असतात आणि काही धुपाटण्यांच्या चारही बाजूंवर प्राचीन दक्षिण अरबी लिपीत एकेक शब्द कोरलेला असतो. हे शब्द म्हणजे जाळायच्या सुगंधी द्रव्यांची नावे. रंद, दर्व, कमकम, कुस्त अशी ही नावे येतात. लोबानाचेही नाव काहींवर सापडते. पण ज्या द्रव्यामुळे हा मुलूख साऱ्या प्राचीन जगात ओळखला गेला, ते या चार बाजूंपैकी फार तर एका बाजूवर असते, आणि पुष्कळदा एकाही बाजूवर नसते. लोबानाच्या देशातले लोक आपल्या धुपाटण्यावर परमुलखातल्या वनस्पतींची नावे का कोरत होते? त्यांच्या देवळांत नेमके काय जळत होते? या प्रश्नांचे उत्तर ग्रंथांपेक्षा राखेत शोधले, तर अरबस्तानच्या धर्मजीवनाचे जे चित्र आपण गृहीत धरतो ते बरेच बदलते. ते बदलायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ऊद किंवा लोबान म्हणून बाजारात जे मिळते, ते पुष्कळदा आग्नेय आशियातल्या वेगळ्याच झाडाची राळ असते. इथे लोबान म्हणजे बॉस्वेलिया या झाडाचा वाळलेला चीक. ओमानमधील धोफार, येमेनमधील हद्रामौत आणि समुद्रापलीकडचा सोमालिया हा त्याचा प्रदेश. सातपुड्यात आणि विदर्भाच्या जंगलांत आढळणारी सालई याच वंशातली. झाडाची साल ठिकठिकाणी खरवडतात, पांढरा चीक पाझरतो, उन्हावाऱ्याने घट्ट होतो आणि काही दिवसांनी त्याचे खडे खुडून घेतात. दुसरे द्रव्य बोळ. आपल्या आजीबाईच्या बटव्यातला हिराबोळ तो हाच. या दोन राळांवर सबा, मईन, कतबान आणि हद्रामौत ही राज्ये श्रीमंत झाली. इ.स.पू. पहिल्या सहस्रकात उंटांचे तांडे हा माल वाळवंटातून भूमध्य समुद्राकाठच्या गाझापर्यंत नेत होते. रोमन लेखक प्लिनी या वाटेवर उंटांचे पासष्ट मुक्काम मोजतो आणि कर, पाणी, चारा धरून एका उंटामागे ६८८ दिनार खर्च येतो असे सांगतो.

ग्रीक आणि रोमन लोक या मालाचे गिऱ्हाईक होते, आणि अरबस्तानचे चित्र त्यांनीच रंगवले. हेरोडोटस लिहितो की अरब लोक इराणचा राजा दारयवहू याला दरसाल एक हजार टॅलेंट लोबान देत, आणि लोबानाच्या झाडांवर पंख असलेल्या सापांचा पहारा असे. स्ट्राबोच्या भूगोलात सबाचे लोक दालचिनीसारख्या सुगंधी लाकडांचे सरपण करतात. त्याआधीचा अगाथार्किडीस सांगतो की सुवासाने गुंगी आली की हे लोक डांबर आणि बोकडाची दाढी जाळून तिचा धूर घेत. इतक्या सुगंधी देशातल्या देवळांत अहोरात्र लोबानाचे ढग उठत असणार, असे मग वाचकाने स्वतःच ठरवून टाकले. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या प्रवासवर्णनांनी, चित्रपटांनी आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी हेच पुढे चालवले. आपल्या अंगणात कितीही पीक आले तरी ते अंगणातच जाळून टाकले जाते असे मानायला काही आधार लागतो. तो आधार कोणी विचारला नाही.

खरे तर या लेखकांना जरा सावकाश वाचले तरी शंका यावी. थिओफ्रास्टस हा वनस्पतीशास्त्राचा आद्य अभ्यासक. इ.स.पू. ३०० च्या सुमारास त्याने ऐकीव माहितीवरून सबाच्या सूर्यमंदिराचे वर्णन केले आहे. चहूकडचा लोबान आणि बोळ त्या देवळात आणतात. हत्यारबंद अरब पहारा देतात. प्रत्येक मालक आपला ढीग लावतो आणि माप व किंमत लिहिलेली पाटी त्यावर ठेवतो. व्यापारी येतात, पसंत पडलेला ढीग मोजून घेतात आणि पैसे जागेवर ठेवून जातात. मग पुजारी येतो, त्या पैशातला तिसरा हिस्सा देवासाठी काढतो आणि उरलेले मालकासाठी तसेच ठेवतो. प्लिनीने सबोता, म्हणजे हद्रामौतची राजधानी शबवा, हिच्याविषयी लिहिले तेही असेच. शहरात साठ देवळे. लोबान आत न्यायला एकच वेस. आडवाटेने नेणाऱ्याला मृत्युदंड. सबिस देवाचा दशमांश पुजारी वजनाने नव्हे तर मापाने घेतात, आणि तोवर विक्री करता येत नाही. या दशमांशातून सार्वजनिक खर्च भागतो आणि ठरावीक दिवस देव पाहुण्यांना जेवू घालतो, असेही तो सांगतो. इ.स. पहिल्या शतकातले 'पेरिप्लस' हे दर्यावर्दी व्यापाऱ्याचे पुस्तक म्हणते की धोफारच्या किनाऱ्यावर लोबानाचे ढीग उघड्यावर पडलेले असतात, देवच त्यांची राखण करतो, आणि राजाच्या परवानगीवाचून एक कणही जहाजात चढला तर ते जहाज हलत नाही. तिन्ही वर्णनांत देव आहे आणि लोबानही आहे. पण तिन्हींत लोबान मोजला जातो, राखला जातो, विकला जातो. जळत कुठेच नाही. तो जळतो रोममध्ये. राणी पॉपियाच्या अंत्यविधीला सम्राट नीरोने एका दिवसात जाळलेला लोबान अरबस्तानच्या वर्षभराच्या पिकाहून अधिक होता, असे जाणकारांच्या हवाल्याने प्लिनीच नोंदवतो.

यावरून मी जे म्हणतो ते असे. दक्षिण अरबस्तानच्या देवळात लोबान हा आधी कोठारातला आणि हिशेबातला माल होता, वेदीवरचे द्रव्य नंतर. वेदीवर जे जळे त्यात रोजच्या चुलीतले सरपण, रोजच्या ताटातले अन्न आणि लांबून मुद्दाम आणलेली सुगंधी द्रव्ये यांची मिसळण होती. लोबान तिथे नव्हताच असे मी म्हणत नाही; धुपाटण्यांवर त्याचे नाव आहे आणि काही भांड्यांत त्याचे रासायनिक ठसेही आहेत. पण तो एकटा नव्हता, आणि ठळकही असेलच असे नाही. हे सिद्ध करायचे तर वनस्पतींचे अवशेष हाच मुख्य पुरावा. त्या पुराव्याचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वनस्पती जमिनीत कुजते, पण अर्धवट जळली तर टिकते. विस्तव पूर्ण हवेत धडधडून पेटला तर सगळ्याची राख होते. पण निखाऱ्यांखाली, राखेत दबून, हवा कमी असताना धान्याचा दाणा किंवा खजुराची बी तापली तर तिचा कोळसा होतो आणि आकार शाबूत राहतो. असा दाणा हजारो वर्षे टिकतो. तो वेचायची रीत साधी आहे: उत्खननातली माती पाण्यात ढवळायची, वर तरंगणारा कोळसा बारीक चाळणीत धरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखायचा. लाकडाच्या कोळशाचा तुकडा मोडला की आतल्या नळ्यांच्या रचनेवरून तो बाभळीचा, बोरीचा की झाऊचा हे कळते. पुरातत्त्वात ही रीत सर्रास रुळली ती १९६० च्या दशकानंतर. गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांनी १९३७-३८ च्या हिवाळ्यात हद्रामौतमधील हुरेदा इथे चंद्रदेव सीनचे देऊळ खणले. काम काटेकोर होते आणि १९४४ साली त्याचा अहवालही निघाला. वेन्डेल फिलिप्स यांच्या अमेरिकी मोहिमेने १९५१-५२ मध्ये सबाची राजधानी मारिब हिच्याजवळचे अलमकह देवाचे अवाम हे प्रचंड देऊळ वाळूतून बाहेर काढले. शिलालेख, खांब, कांस्यमूर्ती यांनी त्या उत्खननाचे नाव झाले. या दोन्ही कामांच्या वेळी राख म्हणजे काढून टाकायची गोष्ट होती. दक्षिण अरबस्तानच्या देवळांविषयीच्या आपल्या समजुतींचा पाया त्याच काळात घातला गेला, तो दगडावर आणि अक्षरांवर. जो भाग जळला होता तो पायात आलाच नाही.

म्हणून राखेची साक्ष हवी असेल तर दूर ईशान्येला, बहरीनच्या बेटावर जावे लागते. चार हजार वर्षांपूर्वी इथे दिल्मुन ही व्यापारी संस्कृती नांदत होती. तिथल्या सार या गावाचे १९९० पासून दशकभर उत्खनन झाले. लंडन-बहरीन मोहिमेने पूर्ण वस्ती उघडली: रस्ते, दोन-दोन खोल्यांची घरे आणि मधोमध, रस्त्यांच्या मोक्याच्या जागी, एक देऊळ. देवळात गिलावा केलेल्या वेद्या आहेत. त्यांच्या मागची भिंत चंद्रकोरीसारखी वळवलेली आहे. वेदीवर विस्तवाच्या खुणा आणि राखेत माशांची जळकी हाडे. या गावातल्या वनस्पती-अवशेषांचा अभ्यास मार्क नेस्बिट यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यांना मुख्यतः सापडला खजूर. धान्य फारच थोडे. बेटावरच्या माणसाच्या जेवणात मासा आणि खजूर, आणि देवापुढे विस्तवावर पडले तेही समुद्रातून रोज घरी येणारे मासेच. लोबानाच्या व्यापाराच्या कितीतरी आधीचे हे देऊळ आहे आणि ते अरबस्तानच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यावरून मारिबविषयी थेट निष्कर्ष काढणे चूक होईल. पण अरबस्तानातल्या देवळाची वेदी घराच्या चुलीशी किती जवळचे नाते ठेवू शकते, हे सारने दाखवले.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येत नाही. देवळाच्या राखेत खजुराची बी सापडली म्हणून ती नैवेद्याची कशावरून? कोणी पुजाऱ्याने खजूर खाऊन बी विस्तवात टाकली असेल. बिया सरपण म्हणूनही जळतात. जर्मनीत माइन्झ शहरात आयसिस आणि माग्ना मातर या देवतांच्या रोमन काळातील देवस्थानात जळालेले खजूर, अंजीर आणि पाइनची फळे मिळाली. तिथे वादाला फारशी जागा नाही, कारण ऱ्हाइन नदीच्या काठी खजूर पिकत नाही. तो दुरून, पैसे मोजून, देवासाठीच आणलेला असणार. तोच खजूर अरबस्तानात मुका होतो. सौदी अरेबियातील हेग्रा, म्हणजे मदाइन सालेह, इथे नबातियन लोकांच्या नगरातील अवशेष शार्लेन बुशो यांनी तपासले. त्यात खजूर, सातू, गहू, ऑलिव्ह, द्राक्ष आणि कपाशीसुद्धा आहे. ओॲसिसच्या शेतात जे पिकत होते तेच सगळीकडे सांडले होते. अशा ठिकाणी वनस्पतीचे नुसते नाव पुरत नाही. बी मिळाली की अख्खे फळ, धान्य कोंड्यासकट की निवडलेले, एकाच जागी थरावर थर जळले की एकदाच, आणि देवळातल्या राखेत असलेले शेजारच्या घराच्या चुलीत आहे की नाही, हे सगळे एकत्र मांडले तरच विधी आणि स्वयंपाक वेगळे काढता येतात. सारसारखी पूर्ण वस्ती उघडलेली ठिकाणे म्हणूनच मोलाची. निव्वळ देऊळ खणून देवळाचा विस्तव समजत नाही.

दुसरा आक्षेप शेणाचा. नेओमी मिलर यांनी १९८४ साली एका सहकाऱ्यासह दाखवून दिले की कोरड्या प्रदेशातल्या उत्खननांत मिळणाऱ्या बऱ्याचशा जळक्या बिया मुळात जनावरांनी खाल्लेल्या असू शकतात. शेण सरपण म्हणून जाळले की त्यातल्या बियांचा कोळसा होतो. गोवरीवर वाढलेल्या आपल्या समाजाला हे समजावून सांगायला नको. मग देवळातली बी म्हणजे नैवेद्य की उंट-शेळीच्या लेंड्यांतून आलेला चारा? आक्षेप खरा आहे, पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट बळकट होतो. पवित्र विस्तवाखाली काय पेटवले होते हा विधीचाच भाग आहे. त्याचे उत्तम उदाहरण अरबस्तानच्या सीमेबाहेरचे आहे, पण त्यातला माल अरबी आहे. नेगेव वाळवंटाच्या कडेला अराद नावाच्या गढीत इ.स.पू. आठव्या शतकातले यहुदी देऊळ आहे. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी चुनखडीच्या दोन वेद्या होत्या, एक सुमारे बावन्न सेंटिमीटर उंच, दुसरी चाळीस. दोन्हींच्या माथ्यावर काळा थर होता. २०२० साली त्याचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झाले. मोठ्या वेदीवर लोबान होता, जनावराच्या चरबीत मिसळलेला, म्हणजे तो नीट तापून दरवळावा. धाकट्या वेदीवर गांजा होता, आणि तो शेणात मिसळून जाळला होता, कारण शेणाची आच मंद असते. एका वेळी दोन वेद्या, दोन द्रव्ये आणि दोन सरपणे, प्रत्येकाची आच निराळी. ज्याने हे जमवले त्याला विस्तवाचे ज्ञान होते. इथे शेण हा अपघाताने आलेला कचरा नाही. ते पुजाऱ्याने निवडले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. लोबान जळून जातो. मग राखेत तो सापडला नाही म्हणून तो जाळलाच नाही असे कसे म्हणता? खजुराची बी टिकते आणि राळ उडून जाते, तर राखेचा पुरावा मुळातच खजुराच्या बाजूने झुकलेला नाही का? झुकलेला आहे, हे मान्य. म्हणूनच निव्वळ बियांवर विसंबता येत नाही आणि रसायनशास्त्राची गरज पडते. राळ पूर्ण नाहीशी होत नाही. तापलेल्या राळेचा अंश दगडाच्या आणि मातीच्या छिद्रांत मुरतो. लोबानात बॉस्वेलिक आम्लांचा एक गट असतो, तो इतर राळांत मिळत नाही. त्यावरून लोबान ओळखता येतो. इजिप्तच्या दक्षिण टोकाच्या कस्र इब्रीम इथे मिळालेला सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचा लोबान १९९७ साली याच खुणेवरून ओळखला गेला. येमेनच्या किनाऱ्यावरचे काना हे हद्रामौतचे बंदर. 'पेरिप्लस' म्हणते की देशातला सगळा लोबान साठवणीसाठी इथे आणत. तिथे रशियन पुरातत्त्वज्ञांना जळालेल्या वखारीत लोबानच मिळाला. वखारीतला लोबान सापडतो हे माझ्या म्हणण्याशी जुळतेच. पण रसायनशास्त्राने दिलेला मोठा धडा वेगळा आहे: जिथे लोबान असणारच असे आपण धरतो, तिथे तो नसूही शकतो. येमेनच्याच किनाऱ्यावर शर्मा या मध्ययुगीन बंदरात राळेचा मोठा साठा मिळाला. लोबानाच्या देशातले बंदर, तेव्हा हा लोबान, असा तर्क सहज होतो. तपासणीत ती मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आलेली कोपल नावाची राळ निघाली.

वायव्य अरबस्तानातल्या तैमा या ओॲसिसने चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. बाबिलोनचा राजा नबोनिडस आपली राजधानी सोडून दहा वर्षे जिथे राहिला ते हेच तैमा. इथल्या जर्मन-सौदी उत्खननातील धूपपात्रांचे बार्बरा हूबर आणि सहकाऱ्यांनी पृथक्करण केले आणि २०१८ साली ते पुढे आले. भांडी घरांतली होती, थडग्यांतली होती आणि एका मोठ्या सार्वजनिक इमारतीतलीही. त्यांत लोबान, बोळ आणि रुमी मस्तकी अशा तीन राळा मिळाल्या, आणि कोणत्या जागी कोणती राळ यातही फरक होता. मस्तकी हे पिस्त्याच्या वंशातल्या झाडाचे, भूमध्य समुद्राकडचे द्रव्य. म्हणजे तांडे लोबान घेऊन उत्तरेकडे जात, तशी परतीच्या वाटेने उत्तरेची राळ अरबस्तानात येत होती. २०२५ मध्ये त्याच अभ्यासगटाने त्याच भागातल्या कुरय्या या ठिकाणची धूपपात्रे तपासली. सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या त्या भांड्यांत हरमल निघाला. हरमल ही त्या वाळवंटात आपोआप उगवणारी झुडुपवजा वनस्पती. तिच्या बियांच्या धुराने जंतू मरतात आणि मनावरही परिणाम होतो. इराणपासून मोरोक्कोपर्यंत दृष्ट काढायला आणि आजारपणात आजही तिचा धूर करतात. ही भांडी देवळातली नाहीत, घरांतली आहेत. पण धुपाटणे दिसले की लोबान आणि लोबान दिसला की देऊळ, ही साखळी त्यांनी तोडली. औषध, पूजा आणि घराची शुद्धी यांच्यामधल्या आजच्या भिंती त्या धुराला माहीत नव्हत्या.

आता पुन्हा धुपाटण्यावरच्या नावांकडे येऊ. कुस्त म्हणजे कोष्ठ. काश्मीर हिमालयाच्या थंड उंचीवर वाढणाऱ्या वनस्पतीचे ते मूळ. आपल्या वैद्यकातही ते पूर्वापार आहे. येमेनच्या धुपाटण्यावर कोरलेले हे द्रव्य तिथल्या मातीत उगवत नाही. ते समुद्र ओलांडून आले. वाटही माहीत आहे. 'पेरिप्लस' सांगते की कोष्ठ आणि गुग्गुळ उत्तरेकडून भरुचला येत आणि तिथून परदेशी जात. त्याच भरुचला पैठण आणि तेर या दख्खनच्या बाजारपेठांचा माल गाडीवाटेने उतरत होता. आणि धोफारच्या मोशा बंदराबद्दल, जे बहुतेक अभ्यासक खोर रोरीजवळचे सुम्हुराम मानतात, हेच पुस्तक म्हणते की भरुचहून आणि मलबारकडून येणारी जहाजे हंगाम चुकला तर हिवाळा तिथे काढीत आणि कापड, गहू व तिळाचे तेल देऊन लोबान घेत. सुम्हुरामच्या उत्खननात भारतीय मातीची भांडी, कनिष्काचे नाणे आणि तामिळ-ब्राह्मीत नाव कोरलेली खापरी मिळाली. सोकोत्रा बेटावरच्या होक गुहेत तर भारतीय खलाशांनी लिहिलेले दोनशेच्या आसपास लेख आहेत. त्यांत भरुचचा उल्लेख आहे, आणि त्याच गुहेच्या अंधारात धूपपात्रेही सापडली. लोबान मुबलक असणारा यजमान हिमालयातले मूळ जाळतो, आणि भारताचा खलाशी लोबानाच्या बेटावर देवाला धूप दाखवतो. देवाला द्यायची वस्तू जवळ विपुल असली की तिचे मोल कमी वाटते, हा माणसाचा स्वभाव त्या काळीही ओळखला गेला होता. अरब लोक स्वतःच्या सुगंधांना कंटाळून परक्यांचे सुगंध मागवतात, हे प्लिनीने नोंदवून ठेवले आहे. पंखांच्या सापांसारख्या दंतकथांच्या गर्दीत ते वाक्य दुर्लक्षित राहिले. धुपाटणी त्याच्या बाजूने उभी आहेत.

यावर कोणी म्हणेल की धुपाटण्यावरचे नाव म्हणजे त्यात जळलेले द्रव्य नव्हे. ती शोभेची किंवा मंत्रासारखी अक्षरे असतील. शक्य आहे. शिवाय संग्रहालयातली बहुतेक धुपाटणी लिलावातून किंवा विक्रेत्यांकडून आलेली आहेत. ती देवळातली की थडग्यातली की घरातली हे कळायला मार्ग उरलेला नाही. नंतरच्या काळात, अगदी गेल्या शतकातही, एखाद्या जुन्या धुपाटण्यात कोणी पुन्हा धूप जाळला असेल. हे सगळे आक्षेप मला मान्य आहेत. पण त्यांचे उत्तर अधिक तर्क लढवून मिळणार नाही. ते प्रत्येक खळग्यातल्या काजळीची चिमूट तपासून मिळेल. कुस्त कोरलेल्या बाजूच्या वर खरोखर कोष्ठाचे अंश आहेत की नाहीत, हा प्रश्न आता प्रयोगशाळेत सुटण्यासारखा आहे. लोबानवादी चित्राला मात्र असा कोणताही कस लावता येत नाही, कारण ते गिऱ्हाइकांच्या कल्पनेवर उभे आहे. ज्या मताची परीक्षा घेता येते ते मत मी पसंत करतो.

अडचण एवढीच की परीक्षा घेण्याची साधने झपाट्याने कमी होत आहेत. येमेनमध्ये २०१५ साली युद्ध भडकले. त्याच वर्षी धमारचे संग्रहालय हवाई हल्ल्यात जमीनदोस्त झाले. बारा हजारांहून अधिक वस्तू तिथे होत्या. मारिबच्या प्राचीन धरणाचेही नुकसान झाले. सबा राज्याची मारिब परिसरातली स्थळे २०२३ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतली, ती त्याच वेळी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही घालावी लागली. देवळाचा खांब पडला तर तो पुन्हा उभा करता येतो. राखेचा थर एकदा उकरला की त्याचा क्रम कायमचा जातो, आणि चोरट्या खणणाऱ्यांना राखेशी काही देणेघेणे नसते. पुरातन वस्तूंच्या बाजारात धुपाटणे स्वच्छ घासून, अक्षरे उठावदार करून विकतात, कारण काळवंडलेल्या दगडाला भाव येत नाही. त्या घासण्यात विधीचा सगळा पुरावा नळाच्या पाण्याबरोबर जातो.

अरादच्या वेद्या १९६० च्या दशकात मिळाल्या. तेव्हाही त्यांच्यावरच्या काळ्या थराचे पृथक्करण करून पाहिले होते, पण हाती काही लागले नाही. त्यांना घासून चकचकीत करण्याचा मोह कोणाला झाला नाही म्हणून अर्धशतकानंतर, चांगली उपकरणे आल्यावर, त्यांच्यावर काय जळले होते ते कळले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे, आणि अरबी समुद्रापलीकडच्या धुराचा एक धागा भरुच, पैठण आणि तेरपर्यंत येऊन पोचतो. त्यामुळे विनंती आपल्याकडच्या उत्खननकर्त्यांना, संग्रहालयांना आणि घरात जुनी धूपपात्रे जपणाऱ्या संग्राहकांनाही आहे: काळे झालेले धुपाटणे हाती आले तर ते धुऊ नका.